विश्लेषण : पासवर्ड कुणालाच सांगितला नाही, तरी गेमिंग खाते चोरीला कसे जाते?

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगविषयक कायदा संमत केला आणि पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांना मनाई केली. ई-स्पोर्ट्स आणि निव्वळ करमणुकीचे खेळ मात्र कायद्याने मान्य केले. त्यावरील चर्चा जुगार, व्यसन आणि बुडालेल्या महसुलाभोवती फिरली. परंतु ज्या खेळांत पैज लागत नाही, त्यांच्या खात्यांतही पैसा असतो. तो लुटण्यासाठी चोराला खेळता येण्याची गरज नसते. दुसऱ्याच्या खात्यात ‘लॉगइन’ करता आले की पुरते. गेल्या दीड दशकातील गाजलेली प्रकरणे पाहिली तर बहुतेक ठिकाणी कुलूप फोडलेले दिसत नाही, किल्लीच कुठून तरी मिळवलेली दिसते. ती कुठून मिळते, ओटीपी असूनही खाते का जाते आणि घरातील एकाच फोनवर मुलांचे खेळ आणि पालकांचे व्यवहार चालत असतील तर धोका किती वाढतो, याचा आढावा.

गेमिंग खात्यात चोरण्यासारखे असते तरी काय?

‘स्टीम’ हे व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीचे संगणकावरील खेळांचे व्यासपीठ. ‘काउंटर-स्ट्राइक’सारख्या खेळांतील बंदुकांची रंगीत आवरणे, म्हणजे ‘स्किन’, तेथे खेळाडू एकमेकांना विकतात किंवा बदलून घेतात. दुर्मीळ स्किनला हजारो रुपये, काही वेळा लाखही मिळतात. डिसेंबर २०१५ मध्ये व्हॉल्व्हने जाहीर केले, की दर महिन्याला सुमारे ७७ हजार खाती बळकावून लुटली जात आहेत. वस्तूंची देवाणघेवाण सुरू झाल्यापासून चोऱ्यांचे प्रमाण वीस पटींनी वाढल्याचेही कंपनीने मान्य केले. चोरी करणारे हौशी नव्हते. खात्यातील वस्तूला बाजारभाव मिळाला आणि चोरीचा धंदा उभा राहिला.

भारतात बहुसंख्य खेळाडू मोबाइलवर खेळतात. ‘बीजीएमआय’मधील ‘यूसी’ किंवा ‘फ्री फायर’मधील ‘डायमंड’ खऱ्या रुपयांत विकत घ्यावे लागतात. त्यातून घेतलेले पोशाख, बंदुकांची आवरणे आणि वर्षानुवर्षे खेळून मिळवलेला दर्जा यामुळे एखाद्या खात्याची किंमत ठरते. अशी तयार खाती समाजमाध्यमांवरील गटांत सर्रास विकली जातात, म्हणजे चोरलेल्या मालाला गिऱ्हाईकही तयार असते.

तिसरी गोष्ट सहसा लक्षात येत नाही. मोबाइलवरील खेळाचे खाते बहुतेक वेळा स्वतंत्र नसते. ते गूगल, फेसबुक किंवा अ‍ॅपल खात्याला जोडलेले असते. ते गूगल खाते आई-वडिलांचे असेल, तर त्याच्याशी घरातील छायाचित्रे, संपर्क क्रमांक, बँकेचे इमेल आणि ‘प्ले स्टोअर’वर साठवलेले कार्डही जोडलेले असते. खेळाच्या नावाखाली ते मूळ खाते हाती लागले, तर चोर खेळापाशी थांबत नाही.

पासवर्ड न फोडता चोर आत कसा शिरतो?

सर्वांत जुना आणि अजूनही यशस्वी ठरणारा मार्ग म्हणजे ‘क्रेडेन्शियल स्टफिंग’. एखाद्या खरेदीच्या संकेतस्थळावरून लाखो इमेल आणि पासवर्डच्या जोड्या फुटतात. त्या जोड्या चोर स्वयंचलित प्रणालीने इतर संकेतस्थळांवर वापरून पाहतो. एकच पासवर्ड चार ठिकाणी ठेवणाऱ्यांची खाती त्यातून आपोआप उघडतात. गेमिंग कंपनीच्या सर्व्हरला यात ओरखडाही उमटत नाही. कंपनीच्या दृष्टीने योग्य नाव आणि योग्य पासवर्ड देऊन कुणीतरी आत आलेले असते.

‘निन्टेंडो’ या जपानी कंपनीला २०२० मध्ये याचा अनुभव आला. एप्रिलमध्ये कंपनीने १ लाख ६० हजार खात्यांत अनधिकृत प्रवेश झाल्याचे सांगितले. जूनमध्ये हा आकडा ३ लाखांवर गेला. चोर शिरले ते जुन्या उपकरणांसाठीच्या ‘निन्टेंडो नेटवर्क आयडी’च्या वाटेने. नवी खातेप्रणाली आल्यावरही ही वाट सोयीसाठी उघडी ठेवण्यात आली होती. घटनेनंतर ती बंद झाली.

अमेरिकेतील ‘ड्राफ्टकिंग्ज’ या फँटसी स्पोर्ट्स आणि सट्टेबाजीच्या कंपनीवर नोव्हेंबर २०२२ मध्ये असाच हल्ला झाला. तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार सुमारे ६० हजार खाती उघडली गेली आणि त्यांपैकी जवळपास १६०० खात्यांतून ६ लाख डॉलर काढले गेले. आरोपी हल्ल्याच्या वेळी १८ वर्षांचा होता. पैसे काढण्याची पद्धत बोलकी आहे. खात्याला पैसे भरण्याचा नवा मार्ग जोडायचा, तो खरा आहे हे पटवण्यासाठी ५ डॉलर जमा करायचे आणि मग सगळी शिल्लक त्याच मार्गाने बाहेर काढायची. काही खात्यांत चोरांनी पासवर्ड बदलून स्वतःच्या फोनवर दुहेरी पडताळणी सुरू केली. मालकाने जी कडी लावायला हवी होती, ती चोराने आतून लावली आणि मालकच बाहेर राहिला.

गूगल किंवा फेसबुकने लॉगइन करणे अधिक सुरक्षित का धोकादायक?

दोन्ही. ‘गूगलद्वारे लॉगइन करा’ हे बटण दाबले, की खेळाला पासवर्ड कळत नाही. गूगल खेळाडूची ओळख पटवते आणि खेळाला ‘टोकन’, म्हणजे ठरावीक मुदतीची आणि मर्यादित अधिकारांची डिजिटल चिठ्ठी देते. नवा पासवर्ड लक्षात ठेवावा लागत नाही आणि खेळाच्या कंपनीकडे पासवर्ड नसल्याने तिच्याकडून तो फुटतही नाही. गूगलची सुरक्षा व्यवस्था लहान गेमिंग कंपनीपेक्षा भक्कम असण्याचीच शक्यता जास्त. हा झाला फायदा.

तोटा असा, की लॉगइनची खिडकी खरी की खोटी, हे ओळखणे खेळाडूवर सोडले जाते. ‘मोफत यूसी’, ‘स्पर्धेसाठी संघ नोंदवा’, ‘या खेळाडूला मत द्या’ अशा दुव्यावर टिचकी मारली की लॉगइनची चौकट उघडते. २०२२ मध्ये स्टीमच्या खेळाडूंना फसवण्यासाठी वापरलेली एक पद्धत सुरक्षा तज्ज्ञांनी उघड केली. त्यात दिसणारी चौकट ब्राउझरची खरी खिडकी नसतेच. वेबपानाच्या आत चितारलेले ते हुबेहूब चित्र असते. वर पत्त्याची पट्टी, त्यात खरा पत्ता आणि कुलपाची खूणही रंगवलेली असते. ‘पत्ता तपासा’ हा नेहमीचा सल्ला येथे निरुपयोगी ठरतो. एक साधी चाचणी मात्र चालते. ही चौकट पकडून मुख्य खिडकीच्या कडेबाहेर ओढून पाहावी. खरी खिडकी बाहेर येते, चित्र काठाशी अडते.

मोबाइलवर चौकट ओढता येत नाही, त्यामुळे तेथे फसगत सोपी. अ‍ॅपच्या आतच उघडणाऱ्या ब्राउझरमधून फिशिंग वाढल्याचे कारण देत फेसबुकने ऑक्टोबर २०२१ पासून अँड्रॉइडवर अशा अंतर्गत ब्राउझरमधील लॉगइन बंद केले. त्यानंतर फेसबुकने लॉगइन करणाऱ्या अनेक मोबाइल खेळाडूंना फोनमध्ये फेसबुकचे अ‍ॅप घ्यावे लागले. त्या वेळी हा त्रास वाटला. पण पासवर्ड अनोळखी चौकटीत टाकण्याची वेळच येऊ नये, हा त्यामागील हेतू होता.

टोकनची व्यवस्था कंपनीच्या चुकीनेही फसू शकते. जानेवारी २०१९ मध्ये ‘चेक पॉइंट’ या सुरक्षा कंपनीने ‘फोर्टनाइट’च्या लॉगइनमधील त्रुटी उघड केली. खेळ चालवणाऱ्या ‘एपिक गेम्स’च्या उपसंकेतस्थळांतील कच्च्या दुव्यांमुळे टोकन हल्लेखोराच्या हाती पडू शकत होते. खेळाडूने फक्त एक दुवा उघडायचा. पासवर्ड टाकण्याचीही गरज नव्हती. एपिकने नंतर ही त्रुटी दुरुस्त केली.

ओटीपी असतानाही खाते का जाते?

एसएमएसने येणारा ओटीपी हा केवळ पासवर्ड असण्यापेक्षा नक्कीच चांगला. पण त्याची सुरक्षा फोनवर नव्हे, तर सिम कार्डवर अवलंबून असते. चोराने बनावट कागदपत्रांवर त्याच क्रमांकाचे दुसरे सिम मिळवले, की ओटीपी त्याच्याकडे जातो. म्हणूनच दूरसंचार विभागाने सिम बदलल्यानंतर पहिले २४ तास एसएमएस सेवा बंद ठेवण्याचा नियम केला. तसेच १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यानंतर सात दिवस क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. फोनवरील नेटवर्क अचानक गेले आणि बराच वेळ परतलेच नाही, तर दूरसंचार कंपनीकडे ताबडतोब चौकशी करावी, ती याचसाठी.

‘ऑथेंटिकेटर’ अ‍ॅपमध्ये सिमचा संबंध येत नाही. सुविधा सुरू करताना व्यासपीठ जो क्यूआर कोड दाखवते, त्यात एक गुप्त संख्या असते. ती फोनमध्ये आणि सर्व्हरवर अशी दोन्हीकडे साठवली जाते. पुढे दोन्ही बाजू ही संख्या आणि घड्याळातील वेळ यांचे ठरलेले गणित करून दर ३० सेकंदांनी नवा सहा आकडी कोड काढतात. फोनला नेटवर्क नसले तरी कोड जुळतो, कारण तो कुठून येत नाही, जागेवरच तयार होतो.

मात्र एसएमएस असो वा अ‍ॅप, खेळाडूने कोड खोट्या पानावर टाकला तर दोन्ही सारखेच निकामी. खोटे पान तो कोड त्याच क्षणी खऱ्या संकेतस्थळावर टाकते आणि ३० सेकंद त्यासाठी पुरेसे असतात. क्यूआर कोडचेही तसेच. स्टीमने २०२२ मध्ये मोबाइलने क्यूआर कोड टिपून संगणकावर लॉगइन करण्याची सोय दिली. ‘स्पर्धेत नाव नोंदवण्यासाठी हा कोड स्कॅन करा’ असे कुणी सांगितले आणि तो कोड प्रत्यक्षात चोराच्या संगणकावरील लॉगइनचा असला, तर खेळाडू स्वतःच चोराला दार उघडून देतो. यूपीआयबाबत ‘पैसे मिळण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही’ हे आता अनेकांना ठाऊक झाले आहे. लॉगइनचा कोडही दुसऱ्याने पाठवला असेल, तर तो स्कॅन करण्याचे काहीच कारण नसते.

पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही न मागता चोरी होऊ शकते का?

होते. नवरात्रात गरब्याच्या मैदानावर प्रवेशद्वाराशी पास तपासून हाताला पट्टी बांधतात. नंतर आत-बाहेर करताना कुणी पास मागत नाही, पट्टीच पाहिली जाते. लॉगइन झाल्यावर संकेतस्थळही ब्राउझरमध्ये अशीच एक पट्टी ठेवते. तिला ‘सेशन कुकी’ म्हणतात. तिच्यामुळेच दर वेळी पासवर्ड टाकावा लागत नाही. ही फाइल चोराने उचलून स्वतःच्या संगणकात ठेवली, तर संकेतस्थळ त्याला खातेदार समजते. दुहेरी पडताळणी प्रवेशद्वारावर असते आणि चोर प्रवेशद्वाराने आलेलाच नसतो.

कुकी आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड पळवणाऱ्या व्हायरसला ‘इन्फोस्टीलर’ म्हणतात. भिंतीपलीकडचा शत्रू दाखवणारे ‘चीट’, महागड्या खेळाची फुकट प्रत, ‘मॉड’ केलेले एपीके ही त्याची नेहमीची वाहने. ‘अँटिव्हायरस बंद करून इन्स्टॉल करा’ अशी सूचना त्यासोबत असते. खेळात फसवणूक करू पाहणारा खेळाडू ती निमूटपणे पाळतो. या व्हायरसांची व्याप्ती मोठी आहे. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि विविध देशांच्या तपास यंत्रणांनी ‘लुमा’ नावाच्या इन्फोस्टीलरचे जाळे मोडून काढले, तेव्हा त्याआधीच्या दोनच महिन्यांत जगभरातील ३ लाख ९४ हजारांहून अधिक विंडोज संगणक बाधित झाल्याचे आढळले होते.

यावर उपाय दोन. संशयास्पद फाइल घेतलीच असेल, तर नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. ‘सर्व उपकरणांतून बाहेर पडा’ हा पर्याय निवडावा लागतो. त्याने जुन्या सगळ्या पट्ट्या रद्द होतात. आणि हे काम त्याच बाधित संगणकावरून न करता दुसऱ्या उपकरणावरून करावे लागते. गेमिंग कॅफेत खेळणाऱ्यांनी उठताना लॉगआउट करणे हाही याच उपायाचा भाग.

खाते परत मिळवण्याची सोय चोराच्या कामी कशी येते?

‘पासवर्ड विसरलात?’ हा दुवा खऱ्या मालकासाठी असतो, पण तो पहिल्यांदा कोण दाबतो हे व्यवस्थेला कळत नाही. या कच्च्या बाजूचे ठळक उदाहरण जानेवारी २०२५ मध्ये न्यूझीलंडच्या ‘ग्राइंडिंग गियर गेम्स’ कंपनीने स्वतःच मांडले. ‘पाथ ऑफ एक्झाइल २’ या खेळातील किमान ६६ खात्यांचे पासवर्ड बदलले गेले होते. चोराने खेळाच्या सर्व्हरला हात लावला नव्हता. कंपनीच्या एका प्रशासक खात्याला फार पूर्वी, चाचणीसाठी, एक स्टीम खाते जोडलेले होते. ते विस्मरणात गेले होते. चोराने जुजबी माहिती देऊन मदत केंद्राला पटवले, ते स्टीम खाते मिळवले आणि त्यावरून थेट प्रशासकाच्या खुर्चीत जाऊन बसला.

म्हणजे खात्याची सुरक्षा त्याच्या सर्वांत भक्कम कुलपावर नव्हे, तर त्याला जोडलेल्या सर्वांत दुर्लक्षित दारावर ठरते. सामान्य खेळाडूच्या बाबतीत असे दार म्हणजे जुना इमेल पत्ता, बंद पडलेला मोबाइल क्रमांक किंवा कधीकाळी जोडलेले आणि आता न वापरले जाणारे फेसबुक खाते. वापरात नसलेला मोबाइल क्रमांक काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो, हेही येथे लक्षात घ्यावे लागते.

‘पासकी’ने हा प्रश्न सुटेल का?

फिशिंगपुरता बराचसा. पासकीमध्ये पासवर्ड नसतोच. फोन दोन डिजिटल किल्ल्या तयार करतो. एक गुप्त, जी वापरकर्त्याकडेच राहते आणि दुसरी सार्वजनिक, जी संकेतस्थळाला दिली जाते. लॉगइनच्या वेळी संकेतस्थळ एक आव्हान पाठवते, वापरकर्ता बोटाचा ठसा किंवा चेहरा दाखवतो आणि फोन गुप्त किल्लीने त्या आव्हानावर सही करतो. बोटाचा ठसा फोनबाहेर जात नाही. महत्त्वाचे म्हणजे ही किल्ली ठरावीक संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असते. पत्त्यात एका अक्षराचा फरक असला, तर माणसाचा डोळा फसेल, पण फोन सही करणार नाही. निन्टेंडोने सप्टेंबर २०२३ मध्ये आणि सोनीने ‘प्लेस्टेशन’साठी फेब्रुवारी २०२४ मध्ये ही सोय दिली. गूगल खात्यालाही ती आहे. त्यामुळे गूगलद्वारे लॉगइन होणाऱ्या खेळांना तिचा लाभ आपोआप मिळतो.

मर्यादाही आहेत. पासकी सेशन कुकीची चोरी थांबवत नाही. फोन हरवल्यावर प्रवेश मिळवण्याचा पर्यायी मार्ग ठेवावाच लागतो आणि तो एसएमएसचा असेल तर जुना धोका कायम राहतो. शिवाय ज्या घरात फोनचे कुलूप उघडण्याचा आकडा मुलांसह सगळ्यांना ठाऊक असतो, त्या घरात पासकीची किल्लीही सगळ्यांकडेच असते.

मुलांच्या लॉगइनचा प्रश्न वेगळा का?

कारण अनेक घरांत खेळणारा एक असतो आणि खातेदार दुसराच. ‘बीजीएमआय’मध्ये १८ वर्षांखालील खेळाडूंना दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे आणि पालकांच्या क्रमांकावर ओटीपी पाठवून संमती घेण्याची व्यवस्था आहे. पण मूल पालकांच्याच फोनवर, पालकांच्याच गूगल खात्याने खेळत असेल, तर संमतीचा ओटीपीही त्याच्याच हातातल्या फोनवर येतो. वयाच्या रकान्यात प्रौढाचे वर्ष टाकले की मर्यादाही उरत नाही. यात सुरक्षेचा दुहेरी तोटा होतो. मुलाला मिळणारे संरक्षण जाते आणि मुलाने एखाद्या खोट्या ‘मोफत डायमंड’च्या पानावर पासवर्ड टाकला, तर तो पालकांच्या इमेलचा पासवर्ड असतो.

यावरचा मार्ग खर्चिक नाही. खेळांसाठी मुलाचे वेगळे, पालकांच्या देखरेखीखालील गूगल खाते ‘फॅमिली लिंक’मधून काढता येते. फोनवर स्वतंत्र वापरकर्ता तयार करण्याची सोय अनेक अँड्रॉइड फोनमध्ये असते. ‘प्ले स्टोअर’मध्ये प्रत्येक खरेदीसाठी पडताळणी सक्तीची करता येते. मुलाला रागावून खेळ बंद करण्यापेक्षा एक सवय अधिक उपयोगी पडते, ती म्हणजे काही बिनसले तर लगेच घरात सांगण्याची. मार मिळेल या भीतीने दोन दिवस लपवलेली चोरी निस्तरणे अवघड होते.

ओळख पटवण्याची सक्ती वाढली, की ओळखपत्रे साठवण्याचा धोकाही वाढतो. गेमर्समध्ये लोकप्रिय असलेल्या ‘डिस्कॉर्ड’ या संवाद व्यासपीठाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितले, की ग्राहकसेवा पुरवणाऱ्या त्रयस्थ कंपनीतील घुसखोरीमुळे सुमारे ७० हजार वापरकर्त्यांच्या सरकारी ओळखपत्रांची छायाचित्रे उघड झाली असावीत. ही छायाचित्रे वयाच्या पडताळणीसाठी दिलेली होती. पासवर्ड बदलता येतो, ओळखपत्रावरील चेहरा आणि जन्मतारीख बदलता येत नाही.

कंपन्यांची जबाबदारी किती?

एप्रिल २०११ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कमध्ये घुसखोरी होऊन ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती उघड झाली. सेवा तीन आठवड्यांहून अधिक काळ बंद राहिली. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने जानेवारी २०१३ मध्ये सोनीला अडीच लाख पौंडांचा दंड केला. अशा प्रसंगी खेळाडूने कितीही काळजी घेतली तरी उपयोग नसतो.

भारतात डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहितीच्या सुरक्षेसाठी पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड, माहिती फुटल्यास बाधितांना विनाविलंब कळवणे आणि १८ वर्षांखालील मुलांबाबत पालकांची पडताळण्याजोगी संमती या त्यातील महत्त्वाच्या तरतुदी. मात्र कंपन्यांवरील प्रमुख बंधने लागू होण्यासाठी नियमांनी १८ महिन्यांची मुदत दिली आहे.

कायद्याइतकाच फरक रचनेमुळे पडतो. लॉगइन जितके किचकट, तितके खेळाडू कमी, हे कंपन्यांचे गणित असते. म्हणून एपिकने २०१८ मध्ये उलटा मार्ग पत्करला. फोर्टनाइटमध्ये दुहेरी पडताळणी सुरू करणाऱ्याला पात्रासाठी एक नृत्य फुकट दिले. व्हॉल्व्हने आत येण्यापेक्षा बाहेर जाण्याची वाट अरुंद केली. मोबाइल पडताळणी नसलेल्या खात्यातून वस्तू दिली, तर ती १५ दिवसांपर्यंत अडकून राहते. जुलै २०२५ पासून ‘काउंटर-स्ट्राइक २’मधील व्यवहार सात दिवसांच्या आत उलटवण्याचीही सोय आली. ड्राफ्टकिंग्जच्या प्रकरणाशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. नव्याने जोडलेल्या मार्गाने सगळी शिल्लक लगेच काढता आली नसती, तर उघडलेल्या खात्यांचा चोरांना फारसा उपयोग झाला नसता. लॉगइन कधी ना कधी चुकीच्या हाती पडणार, हे गृहीत धरून नुकसान अडवणारी रचना करणे कंपन्यांच्या हातात आहे आणि ते खेळाडूला शक्य नाही.

खाते गेलेच तर आधी काय करावे?

क्रम महत्त्वाचा. आधी खेळाचे नव्हे, तर त्याला जोडलेले इमेल खाते ताब्यात घ्यावे. कारण पासवर्ड बदलण्याचे सगळे दुवे तेथेच येतात. पासवर्ड बदलून सर्व उपकरणांतून बाहेर पडावे. इमेल परस्पर दुसरीकडे पाठवण्याचा नियम चोराने लावून ठेवला आहे का, पर्यायी इमेल आणि मोबाइल क्रमांक बदलला आहे का, हे पाहावे. त्यानंतर खेळाचा पासवर्ड, दुहेरी पडताळणी आणि जोडलेली इतर खाती. मग खेळाच्या अधिकृत अ‍ॅपमधूनच मदत केंद्राशी संपर्क साधावा. शोधयंत्रावर सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ क्रमांकावर फोन केल्यास दुसरी फसवणूक होण्याची शक्यता असते. जुन्या खरेदीच्या पावत्या हा मालकीचा सर्वांत बळकट पुरावा, म्हणून त्या जपून ठेवाव्यात. विकत घेतलेल्या खात्याबाबत असा पुरावा मूळ मालकाकडे असतो. तो पैसे घेऊनही खाते परत मागू शकतो, आणि खात्यांची खरेदी-विक्री बहुतेक कंपन्यांच्या अटींत बसत नसल्याने दाद मिळत नाही.

पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच कळवावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार करावी. रक्कम पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी ती गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क नुसार, तर तोतयेगिरी करून संगणकाद्वारे फसवणे हा कलम ६६ ड नुसार गुन्हा आहे. दोन्हींसाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. ‘खेळातला पोशाखच गेला’ म्हणून तक्रार टाळण्याचे कारण नाही.

बंदी आलेल्या पैशांच्या खेळाचे एपीके टेलिग्रामवरून घेऊन फसलेल्यांना आणखी एक भीती असते, की तक्रार केली तर आपल्यावरच गुन्हा दाखल होईल. २०२५ च्या कायद्यात शिक्षा आहे ती असे खेळ चालवणाऱ्यांना, त्यांची जाहिरात करणाऱ्यांना आणि त्यांचे आर्थिक व्यवहार हाताळणाऱ्यांना, खेळणाऱ्याला नाही. फसवणारे या भीतीवरच विसंबून असतात, त्यामुळे तक्रार जितकी लवकर तितका त्यांना मिळणारा वेळ कमी.